चार धुराडी आणि एक डुक्कर

लंडनला जाऊन आलेला माणूस परत येऊन काय सांगणार, हे आपल्या वाचकांना आता पाठ झाले आहे. राजवाड्यासमोरची पहारेबदली, टॉवरमधला कोहिनूर, मधोमध उघडणारा पूल आणि ब्रिटिश म्युझियममध्ये दुखून आलेले पाय. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे कन्येकडे राहिलो, तेव्हा आम्हीही हे सारे कर्तव्यबुद्धीने पाहिले. परंतु ज्या एका स्थळासाठी आम्ही तिला इंदुराहून निघण्यापूर्वीच बजावून ठेवले होते, ते निराळे होते. ते होते थेम्सच्या दक्षिण काठावरील बॅटरसी येथील बंद पडलेले वीजनिर्मिती केंद्र.

"वीजघर बघायला सातासमुद्रापार जायचं? आपल्या कॉलनीच्या मागे सबस्टेशन आहे की!" असे आमच्या सौ. म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते.

कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. आम्ही एम. ए.च्या वर्गात असताना आमच्या वसतिगृहात महूच्या छावणीतला एक मित्र होता. वडील सैन्यात असल्याने त्याच्याजवळ इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी भरपूर. आम्ही ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाची टिपणे काढत बसलो की पलीकडच्या खाटेवरून नाना आवाज येत. त्यांपैकी एका कॅसेटच्या वेष्टणावरील चित्राने आम्हांला खिळवून ठेवले. ढगाळलेले, किंचित पिवळसर आकाश, त्याखाली विटांची एक अजस्र इमारत, तिच्या चार कोपऱ्यांवर पांढरट चार धुराडी. आणि नीट पाहिले तर दोन धुराड्यांच्या मधोमध हवेत तरंगणारे एक इवलेसे डुक्कर. कॅसेटचे नाव 'ॲनिमल्स', वाद्यवृंदाचे नाव 'पिंक फ्लॉइड'. आमच्या इंदुरात कापडगिरण्यांची धुराडी काही कमी नव्हती. त्यांच्या भोंग्यावर आमची घड्याळे लागत. त्या सुमारास त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या. धूर न सोडणाऱ्या धुराड्याकडे पाहून काय वाटते, हे आम्हांला कुणी शिकवावे लागले नाही. ते चित्र तेव्हापासून मनात राहिले ते राहिलेच.

आता त्या इमारतीविषयी. लंडन पॉवर कंपनीने १९२९ मध्ये तिचे काम सुरू केले आणि १९३३ मध्ये वीज निघू लागली. शहराच्या ऐन मध्याजवळ एवढे कोळसा जाळणारे केंद्र नको, राजवाड्यावर आणि पार्लमेंटवर काजळी बसेल, अशी ओरड झाली होती. म्हणून दोन तोडगे निघाले. एक, धूर धुराड्यात जाण्यापूर्वी थेम्सच्या पाण्याने धुऊन काढायचा. हवा त्यामुळे थोडी सुधारली, पण ते पाणी पुन्हा नदीतच सोडत. तेव्हा नदीचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे. दुसरा तोडगा म्हणजे बाह्य रूपासाठी सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना पाचारण करायचे. लिव्हरपूलचे भव्य कॅथीड्रल आणि लंडनची ती प्रसिद्ध लाल टेलिफोन पेटी ह्या दोहोंचा कर्ता हाच. त्याने कारखान्याला मंदिराची कळा दिली. यंत्रगृहाच्या आत उंच पन्हाळीदार स्तंभ उभे राहिले आणि नियंत्रणकक्षात इटालियन संगमरवर आला. आरंभी दोनच धुराडी होती. महायुद्धानंतर पहिल्यासारखाच दुसरा भाग शेजारी उभा राहिला आणि १९५५ मध्ये चौथे धुराडे पुरे झाले. म्हणजे ज्या इमारतीला आज एकसंध कलाकृती म्हणून वाखाणतात, ती वीस-बावीस वर्षे अर्धीच होती!

बोटींतून वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कोळसा येथे उतरे आणि लंडनच्या विजेचा सुमारे पाचवा हिस्सा येथून जाई. २० एप्रिल १९६४ रोजी येथे आग लागली, तेव्हा त्याच संध्याकाळी सुरू व्हायची असलेली बी.बी.सी.ची दुसरी दूरदर्शन वाहिनी अंधारात राहिली. पुढे यंत्रे जुनी झाली. पहिला भाग १९७५ मध्ये आणि दुसरा ३१ ऑक्टोबर १९८३ रोजी बंद झाला. आमच्या त्या कॅसेटवरचे चित्र १९७६ च्या डिसेंबरातले. त्या वेळी ही इमारत अर्धी जिवंत आणि अर्धी मृत होती.

पिंक फ्लॉइडची माणसे ह्या इमारतीकडे वळली हेही सहज झालेले नाही. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे एकमेकांना भेटले ते लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये, वास्तुशास्त्राच्या वर्गात. चौथा सिड बॅरेट हा केंब्रिजचा, वॉटर्सच्याच गावचा. विलक्षण प्रतिभेचा हा तरुण मनाचा तोल ढळून १९६८ मध्ये बाजूला झाला आणि त्याच्या जागी केंब्रिजचाच डेव्हिड गिल्मोर आला. १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'ने त्यांना जगभर नेले. त्या काळी ह्या पठडीला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले होते. तीन मिनिटांच्या नाचाच्या गाण्याची चौकट मोडून एकेक रचना दहा, पंधरा, वीस मिनिटे विस्तारत न्यायची, आणि सगळी मिळून एकच आशय उभा करायचा, अशी ही रीत. नव्या पिढीच्या काही मंडळींना ह्या लांबीचा कंटाळा येतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा ऐकत वाढलेल्या इंदूरकराला सतरा मिनिटांचे काय!

वॉटर्स तेव्हा दक्षिण लंडनमध्ये राहत असे आणि गावात जाता-येता ही चार धुराडी त्याला दिसत. नव्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणासाठी ह्याच इमारतीवर डुक्कर उडवावे ही कल्पना त्याची. सुमारे चाळीस फूट लांबीचे, हेलियम वायू भरायचे एक डुक्कर तयार करवून घेण्यात आले. २ डिसेंबर १९७६ रोजी सगळा लवाजमा जमला. डुक्कर सुटलेच तर गोळी घालून खाली आणावे म्हणून एक नेमबाजही ठेवला होता. त्या दिवशी आकाश नाट्यपूर्ण होते, पण डुक्कर फुगेना. दुसऱ्या दिवशी डुक्कर फुगले. मात्र नेमबाजाला पुन्हा बोलवायचे राहून गेले. आणि नेमके त्याच दिवशी दोर तुटला. डुक्कर वर वर जात हीथ्रोच्या विमानमार्गात शिरले, विमानांची ये-जा विस्कळीत झाली, आणि अखेर संध्याकाळी केंट परगण्यातल्या एका शेतात ते उतरले. शेतकऱ्याच्या गाई घाबरल्याची तक्रार आली म्हणतात. डागडुजी करून तिसऱ्या दिवशी ते पुन्हा चढवले, तेव्हा ते जागचे हलले नाही. परंतु आकाश फिके पडले होते. शेवटी पहिल्या दिवसाच्या आकाशात तिसऱ्या दिवसाचे डुक्कर चिकटवून चित्र सिद्ध झाले.

ध्वनिमुद्रिका १९७७ च्या जानेवारीत बाजारात आली. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' ह्या १९४५ च्या कादंबरीचा धागा तिच्यात आहे, पण रोख उलटा. ऑर्वेलचा रोख स्टालिनच्या राजवटीवर, तर वॉटर्सचा स्वतःच्या देशातल्या पैशाच्या राज्यावर. आदल्या वर्षी, १९७६ मध्ये, ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला होता. पंचतंत्रात प्राणी माणसांसारखे वागतात. इथे माणसांचे तीन प्राणी झाले आहेत. कुत्री म्हणजे धंद्यात एकमेकांना फाडून वर चढणारी, डुकरे म्हणजे सत्तेच्या आणि नीतीच्या गादीवर बसून इतरांना उपदेश करणारी, आणि मेंढ्या म्हणजे आपण सारे. 'शीप' ह्या गाण्यात बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्राचे कडवट विडंबन यंत्रातून काढलेल्या आवाजात येते, आणि शेवटी मेंढ्या उलटून कुत्र्यांचा निःपात करतात. मात्र लगेच पुढे त्या पुन्हा मुकाट्याने घरी जातात. आमच्या मते वॉटर्सची खरी निराशा तिथे आहे.

सर्वांत थोर रचना 'डॉग्ज'. सतरा मिनिटांची, चाल मुख्यतः गिल्मोरची, शब्द वॉटर्सचे. आयुष्यभर इतरांच्या पाठीत सुरा खुपसत आलेला माणूस म्हातारपणी एकटा पडतो, स्वतःच्याच वजनाने बुडतो. मध्यंतरी दगड ह्या अर्थाचा एकच शब्द पुनःपुन्हा घुमत जातो आणि त्याच्यातून कुत्र्यांचे भुंकणे वाद्याच्या सुरासारखे उमटू लागते. गिल्मोरची गिटार तेथे जे बोलते, ते शब्दांत मांडायच्या भरीस आम्ही पडत नाही.

ह्या चार गड्यांची गंमत अशी की, लोभावर इतके बोचरे लिहिणारे हे लोक त्याच ध्वनिमुद्रिकेच्या पैशावरून कुरकुरले. आरंभी व शेवटी 'पिग्ज ऑन द विंग' नावाचे दीडेक मिनिटाचे एक प्रेमगीत दोन तुकड्यांत येते. मानधन गाण्यांच्या संख्येवर वाटले जाई. त्यामुळे दोन तुकड्यांची दोन गाणी धरली गेली आणि गिल्मोरच्या सतरा मिनिटांचे एकच. बिचाऱ्या राइटच्या नावावर तर काहीच नव्हते. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, मग नावावरून वकील आले, आणि त्या फुगवलेल्या डुकरावरूनही वाद झाला! अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरात, त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरांना घेतल्याचे वृत्त आले. बॅटरसीची इमारत मलेशियाच्या कंपन्यांनी २०१२ मध्ये ४० कोटी पौंडांना घेतली होती. आम्ही ह्यातून कोणतेही तात्पर्य काढत नाही. आकडे जुळले एवढेच.

असो. एका शनिवारी आम्ही तिघे निघालो. भुयारी रेल्वेचा नवा फाटा २०२१ च्या सप्टेंबरापासून थेट तिथपर्यंत जातो. गाडीत कन्येने आमच्या सांगण्यावरून 'डॉग्ज' ऐकायला घेतले. बाहेर पडताच समोर ती चार धुराडी. सौ. थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे सबस्टेशन नव्हे!" त्यांच्या तोंडून एवढे ऐकले आणि आमच्या विमानभाड्याचे चीज झाले.

वस्तुतः ही धुराडी मूळची नव्हेत. जुन्यांचे काँक्रीट आतून कुजले होते. ती उतरवून २०१४ ते २०१७ ह्या काळात तशीच नवी बांधली. बंद पडल्यावर ह्या वास्तूचे फार हाल झाले. १९८० मध्येच संरक्षित यादीत नाव आल्याने ती पाडता येईना. एकाने करमणुकीची जत्रा थाटण्याचे ठरवून यंत्रे काढायला छप्पर उघडले, पैसा संपला, आणि १९८९ मध्ये काम थांबले ते थांबलेच. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ही इमारत डोक्यावर छप्पर नसताना पावसात उभी होती. मालक येत गेले, आराखडे येत गेले. अखेर डागडुजीसाठी मूळच्याच वीटभट्टीवाल्यांकडून साडेसतरा लाख विटा पाडून घेण्यात आल्या आणि १४ ऑक्टोबर २०२२ रोजी दारे जनतेला उघडली.

आत काय आहे? बाजार. जिथे जनित्रे घरघरत होती, तिथे घड्याळांची, अत्तरांची, कपड्यांची दुकाने. बाष्पकांच्या जागी ॲपल कंपनीचे कार्यालय, दुसऱ्या नियंत्रणकक्षात मद्यालय, छपरावर श्रीमंतांची घरे. परवडणारी घरेही बांधायची होती. परंतु २०१७ मध्ये त्यांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणण्यात आली. पन्हाळीदार स्तंभ मात्र जसेच्या तसे आहेत, आणि ते पाहताना मान आपोआप वर होते. एका खांबाला टेकून एक लहान मूल आइसक्रीम खात होते. पडीक राहून ढासळली असती त्यापेक्षा हे बरे, हे आम्हांला मान्य आहे. तरी एका वस्तूच्या किमतीची चिठ्ठी वाचून सौ.नी ती हळूच उलटी ठेवली.

वायव्येकडच्या धुराड्यातून काचेचा एक पाळणा वर नेतो. १०९ मीटर उंचीवर तो धुराड्याच्या तोंडातून बाहेर निघतो. जिथून धूर निघे तिथून आम्ही निघालो! खाली थेम्स, व्हिक्टोरिया स्थानकाकडे सरकणाऱ्या गाड्या, दूरवर वेम्ब्लीची कमान. आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे, अगदी कुशीतच, भटक्या कुत्र्यांचा प्रसिद्ध आश्रम. १८७१ पासून तो बॅटरसीत आहे. वॉटर्सला हे ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही.

खाली उतरून नदीकाठच्या बाकावर डबा सोडला. कन्या दशम्यांना हात लावीना. पुष्कळ वेळाने म्हणाली, "बाबा, त्या गाण्यातला तो माणूस मी आहे का?"

तिचे काम हिशेबाच्या एका कंपनीत. पुढच्या महिन्यापासून ती अकरा जणांच्या गटाची प्रमुख होणार, ही बातमी आम्ही गावभर सांगून बसलो होतो. प्रमुख झाल्यावरचे पहिले काम तिने आम्हांला आता सांगितले. अकरांतले चार कमी करायचे. यादी तिनेच द्यायची. पत्रांचा मसुदा वरून तयार येणार होता. हिने फक्त नावे भरायची आणि पाठवून द्यायची. चार रात्री तिला झोप नव्हती.

तीस वर्षे आम्ही मुलांपुढे बोलत आलो आहोत. शाळा म्हणजे मुलांच्या मेंढ्या करणारा कारखाना, असा आरोप ह्याच वाद्यवृंदाने १९७९ च्या 'द वॉल'मध्ये केला, आणि तो गाण्यासाठी मुले आणली तीही त्यांच्या स्टुडिओजवळच्या इझलिंग्टनमधल्या सरकारी शाळेतली. त्या गाण्यावर आमच्याजवळ उत्तर तयार असते: वॉटर्सचे स्वतःचे आईवडील शिक्षक होते, आणि वडील १९४४ मध्ये इटलीत ॲन्झिओच्या लढाईत पडले तेव्हा हा पाच महिन्यांचा होता, बापाविना वाढलेल्या मुलाचा राग शिक्षकावर निघाला तर शिक्षकाने तो सोसावा. परंतु कन्येच्या प्रश्नावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. नोकरी सोड म्हणावे तर तिच्या शिक्षणाचे कर्ज अद्याप फिटलेले नाही. आणि तिने सोडली तरी यादी दुसरा कुणी देणारच.

सौ.नी विचारले, "त्या चौघांची नावं काय गं?"

कन्येने नावे सांगितली. मग सौ. एकेकाविषयी विचारत गेल्या. घरी कोण कोण, किती वर्षे झाली, डबा काय आणतो. एकाला दोन लहान मुली. एक बाई आजारी आईला सांभाळून कामावर येते. एक नुकताच लागलेला, त्याला दुसरीकडे मिळेलही. चौथ्याविषयी कन्येला फारसे काहीच सांगता आले नाही आणि ती गप्प झाली. बराच वेळ कुणी बोलले नाही. नदीला भरती होती. पाणी धक्क्याच्या दगडांवर चढत होते. जिथे कोळशाच्या बोटी लागत, तिथे आता सहलीची मोटारबोट लागली होती.

मग आम्ही चेल्सी पुलावरून पलीकडे पिम्लिकोत गेलो. तिथे आम्हांला एक जागा पाहायची होती. वीज करून उरलेले कढत पाणी बॅटरसीहून नदीच्या पोटातून नळांनी ह्या काठावर आणून १९५० पासून चर्चिल गार्डन्स ह्या नगरपालिकेच्या वसाहतीतली घरे ऊबदार ठेवली जात. पाणी साठवण्याचा काचेच्या भिंतींचा उंच मनोरा अजून उभा आहे. वीजघर बंद पडल्यावर वसाहतीने स्वतःचे बॉयलर बसवले, पण मनोरा आजही कामावर आहे. वीजघराकडे जेवढी गर्दी, तेवढा इथे शुकशुकाट. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, एक म्हातारे गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. इथून पाहिले की नदीपलीकडे चारही धुराडी एका ओळीत दिसतात, मात्र डुक्कर नाही.

कन्या कठड्यावर बसून फोनमध्ये काही लिहीत होती. आम्ही डोकावलो नाही. तिनेच दाखवले. चार नावे, आणि प्रत्येकापुढे वार आणि वेळ. पत्र पाठवण्याआधी प्रत्येकाला समोर बसवून ती स्वतः सांगणार होती. आणि चौघांऐवजी तीन चालतील का, हे सोमवारी वरिष्ठांना विचारणार होती. तसे विचारल्याने तिचे प्रमुखपद राहील की नाही ह्याची तिला खात्री नव्हती. ज्याच्याविषयी तिला काही ठाऊक नव्हते, त्या चौथ्याचे नाव तिने सर्वांत वर लिहिले होते.

"त्याला जेवायला ने कुठेतरी," सौ. म्हणाल्या. "उपाशीपोटी नको सांगूस."

वसाहतीच्या कडेलाच २४ क्रमांकाच्या बसचा शेवटचा थांबा आहे. बस रिकामीच उभी होती. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, आणि कन्येने डबा उघडून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.